परड्यातला टोमॅटो आणि त्याची भावकी

निपाणी-बेळगावकडं परड्यातलं टोमॅटोचं रोप आजारी पडलं की घरातलं माणूस पान उलटंपालटं करून बघतं, शेजारीण येऊन "माती बदला" म्हणते, आणि औषधाच्या दुकानातला पोरगा काहीच न बघता एक पुडी आणि एक बाटली काढून देतो. रोपाचं काय बिघडलं याचं उत्तर सगळे रोपातच शोधतात. या भागापुरतं तरी मला वाटतं, आधी कुंपणापलीकडं नजर टाकावी. इथं टोमॅटो एकटा राहत नाही, तो भावकीत राहतो.

निपाणीचा विडीचा तंबाखू, संकेश्वरची मिरची, बेळगाव तालुक्यातला पावसाळी बटाटा, दारोदारचं वांगं, रस्त्याकडेचा धोतरा आणि बांधावरची कांगोणी ही सगळी एकाच कुळातली. ज्याला आपले म्हातारे अजून तांबाटी म्हणतात तो टोमॅटो या कुळातला धाकटा, उशिरा घरात आलेला. थोरल्यांची दुखणी मात्र त्याच्या वाट्याला सगळी येतात. इतकी सगळी भावकी एका पट्ट्यात एकवटलेली फार ठिकाणी सापडणार नाही. म्हणूनच पुण्या-मुंबईच्या गच्चीवरच्या कुंडीसाठी लिहिलेला सल्ला इथं अर्धाच लागू पडतो.

तंबाखूपासून सुरुवात करू. विषाणू नावाची काही चीज असते हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते तंबाखूच्याच पानावरून. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथं अडॉल्फ मायर यांनी १८८६ मध्ये तंबाखूच्या पानावरच्या फिकट-गडद ठिगळांच्या रोगाला 'मोझॅक' नाव दिलं, आणि रोगट पानाचा रस निरोगी रोपाला टोचला की तेही आजारी पडतं हे दाखवलं. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांनी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून तो रस गाळला, तरी त्याचा गुण गेला नाही. १८९८ मध्ये बेयरिंक यांनी हा जिवाणू नव्हे, निराळंच काही आहे असं ठामपणे मांडलं. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी त्या विषाणूचे स्फटिक केले आणि १९४६ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. विज्ञानाचा हा सगळा पसारा उभा राहिला तो निपाणीकराच्या रोजच्या ओळखीच्या पानावर.

त्यात परड्याच्या कामाची गोष्ट ही की तंबाखूचा मोझॅक पसरायला किडा लागत नाही. तो हाताने, कात्रीने, कपड्याने, बांधायच्या सुतळीने पसरतो, आणि वाळलेल्या पानात वर्षानुवर्षं टिकून राहतो. निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईने उठून त्याच हाताने टोमॅटोचा बगलफुटवा खुडला, तर विषाणूला वाट मोकळी झाली. तंबाखू मळणाऱ्या माणसाचंही तेच. यावरचा उपाय फुकटचा आहे: रोपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. रोपं लावताना हात दुधात बुडवण्याची पद्धत परदेशी हरितगृहांत आहे. दुधातल्या प्रथिनांनी विषाणूची लागण करण्याची ताकद कमी होते म्हणून ते करतात, त्यात जादूटोणा काही नाही. दिलासा एवढाच की बाजारातल्या बऱ्याच संकरित जातींत या मोझॅकला दाद न देणारा गुण आधीच घातलेला असतो. त्यामुळं आपल्याकडं 'व्हायरस आलाय' म्हणून जे झाड दाखवलं जातं, त्याला बहुतेक वेळा मोझॅक नसून बोकड्या, म्हणजे पान मुरडणारा रोग, झालेला असतो.

तंबाखूच्या शेताची आणखी एक देणगी आहे, आणि ती मातीतून येते. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचं तंबाखूसाठी एक संशोधन केंद्र निपाणीला आहे. तिथल्या लोकांना आणि इथल्या शेतकऱ्यांना बंबाखू चांगलाच ठाऊक आहे. हिरवा रंगच नसलेली, जमिनीतून कोंभासारखी वर येणारी, फिकट निळसर फुलांची ही वनस्पती तंबाखूच्या मुळांवर जगते. टोमॅटोच्या आणि वांग्याच्या मुळांवरही ती तितक्याच सुखाने जगते. तिचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि जमिनीत कित्येक वर्षं वाट बघत पडून राहतं. कुंडी भरायला 'रानातली चांगली माती' आणायची हौस असेल, तर तंबाखूच्या रानातली आणू नये. एकदा आली की ती कुंडीच नव्हे, अख्खं परडं नासवते.

आता बोकड्या. काही जण चुरडामुरडा म्हणतात, कृषी खात्याच्या पुस्तिकेत पर्णगुच्छ. उत्तर कर्नाटकातले मिरचीवाले शेतकरी अशाच दुखण्याला 'मुरडा' म्हणतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषेवरून इतकं रामायण झालं, पण पान मुरडलं की शब्द एकच निघतो. या रोगाचा विषाणू पांढरी माशी वाहते. ती माशी नव्हेच, पानाखाली बसणारा पांढऱ्या पंखांचा बारीक किडा. झाड हलवलं की भुकटी उडाल्यासारखी उडते. भारतात टोमॅटोवरच्या या रोगाची नोंद १९४८ मध्ये झाली, आणि पुढं दक्षिणेतल्या उन्हाळी टोमॅटोचं सर्वांत मोठं दुखणं म्हणून त्यावर बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात बरंच काम झालं. माशीला कोरडी ऊब मानवते, म्हणून फेब्रुवारी ते मे हा तिचा सुगीचा काळ.

ओळख अशी: शेंड्याची नवी पानं लहान, जाड, वर वळलेली, कडेला पिवळी. दोन पेऱ्यांमधलं अंतर तुटून शेंडा गुच्छासारखा झालेला, फुलं येऊन गळतात. रोप जितकं लहान तितकं नुकसान मोठं. लावणीनंतर पंधरवड्यात लागण झाली तर त्या झाडाला फळ विसरा, फळधारणा झाल्यावर झाली तर निम्मंअधिक हाती लागतं. यावर औषध नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो, विषाणू बरा करणारी फवारणी अजून कुणी बनवलेली नाही. औषध मारलं तर ते माशीला लागतं, आणि तीही कुंपणापलीकडच्या मिरचीवरून परत येते. म्हणून खरी लढाई रोप लावायच्या आधीची. वाफ्यावर किंवा ट्रेवर ४०-५० मेशची बारीक नायलॉन जाळी २५-३० दिवस ताणून ठेवली, आजूबाजूची कांगोणी आणि काँग्रेस गवत काढलं, चारदोन पिवळे चिकट सापळे टांगले, तर कुठल्याही फवारणीपेक्षा जास्त साधतं. आठवडी बाजारातून तरू घेताना आधी त्याच्या पानाखाली बघावं. मी एकदा न बघता घेतला होता. बारा रोपं आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या माशीचं बिऱ्हाड, असं सगळंच घरी आलं.

बोकड्यासारखं दिसतं पण बोकड्या नसतं, असं इथं दोनदा फसायला होतं. एक म्हणजे खालची जुनी पानं नळीसारखी वर वळतात, हाताला जाड लागतात, पण रंगाने हिरवीगार असतात आणि शेंडा मजेत वाढत असतो. हा उन्हाचा किंवा जास्त छाटणीचा त्रागा, रोग नव्हे. सोडून द्यावं.

दुसरी फसगत खास आपल्या ऊसपट्ट्यातली आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. चिकोडी, निपाणी, हुक्केरी, गोकाक या भागात उसात रुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी मारतात. ऊस गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही. टोमॅटो मात्र या तणनाशकाला भलताच हळवा. वाऱ्याने आलेला अंशही त्याला पुरतो. पानं अरुंद, पिळवटलेली, नेच्याच्या पानासारखी होतात, देठ वाकडेतिकडे वळतात, आणि बघणारा बेधडक 'व्हायरस' म्हणून मोकळा होतो. फरक असा की विषाणू एका झाडापासून दुसऱ्याकडं सरकत जातो, तणनाशक मात्र त्या बाजूची सगळी झाडं, शेवगा आणि दोडक्यासकट, दोन-तीन दिवसांत वेडीवाकडी करतं. अर्थात वाऱ्याचीही गरज नसते. माझ्या परड्यात हा प्रकार घडला तो उसनवार आणलेल्या पंपामुळं. पंप कुणाचा ते सांगत नाही, घरोबा आहे. पण तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा हे त्या दिवशी पक्कं झालं. मार थोडा असेल तर झाड नव्या पानांवर सावरतं, म्हणून उपटायची घाई करू नये.

विषाणूंच्या बाबतीत डोळ्याने निदान किती फसवं असतं ते २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने पाहिलं. नगर, पुणे, नाशिककडं टोमॅटोची फळं एकसारखी लाल न होता पिवळे-हिरवे पट्टे घेऊन पिकायला लागली. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं, आणि टाळेबंदीच्या त्या दिवसांत टोमॅटो खाल्ल्याने माणसाला काही होतं अशी अफवाही उठली. वनस्पतीचा विषाणू माणसाला होत नाही. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा त्यांत एकाहून जास्त विषाणू निघाले, काकडीच्या मोझॅकचा त्यांत ठळक. शेतात नाव एक होतं, प्रयोगशाळेत कारणं अनेक निघाली.

आता पावसाकडं वळू, कारण बेळगावचा टोमॅटो बऱ्याचदा पाऊसच मारतो. एका जिल्ह्यात इतके निराळे पावसाळे क्वचित असतील. खानापूर-जांबोटीकडं सह्याद्रीचा धो-धो पाऊस, बेळगाव शहरात आठवडेच्या आठवडे झिमझिम आणि सूर्याचं नाव नाही, निपाणीला बेताचा, अथणीला आभाळाकडं डोळे. त्यामुळं पश्चिमेला करपा आणि मर, पूर्वेला बोकड्या, कोळी आणि भुरी, अशी रोगांची विभागणी झालेली दिसते. अथणीच्या पाहुण्याचा सल्ला बेळगावातल्या वडगाव-अनगोळच्या परड्यात चालत नाही, आणि उलटही.

करपे दोन आहेत आणि ते वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं. लवकर येणारा करपा अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा. तो खालच्या जुन्या पानांपासून चढतो, डाग तपकिरी, त्यात वर्तुळात वर्तुळ, झाडाच्या खोडाच्या कापासारखं. भोवती पिवळी कडा. तो सावकाश येतो. खालची पानं काढून टाकली, जमिनीवर पाचट किंवा वाळला पाला अंथरून मातीचे शिंतोडे थांबवले, पाणी पानांवर न ओतता बुडाशी दिलं, तर परड्यातल्या झाडाला औषधाशिवायही निभावता येतं. फळं बऱ्यापैकी मिळतात. या करप्याची फार भीती बाळगू नये असं माझं मत आहे. आपल्याकडं त्याच्या नावाने जेवढी औषधं उडतात तेवढी गरज नसते.

उशिरा येणारा करपा मात्र आग आहे. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हे त्याचं नाव, आणि १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक मारून ज्याने माणसं देशोधडीला लावली तोच हा. थंड, ओली, ढगाळ हवा त्याला लागते. म्हणजे बेळगावचा जुलै-ऑगस्ट जसाच्या तसा. पानावर आधी तेलकट, पाण्याने भिजल्यासारखे मोठे डाग पडतात, भराभर काळे होतात. सकाळी दंव असताना पान उलटं केलं तर डागाच्या कडेला पांढरी विरळ लव दिसते. खोडावर काळे चट्टे, हिरव्या फळावर टणक तपकिरी डाग. चार-पाच दिवसांत झाड उकडून काढल्यासारखं लोळतं.

इथं भावकी पुन्हा आडवी येते. बेळगाव तालुक्यातली बटाट्याची शेतं आणि परड्यातला टोमॅटो यांचा पावसाळा एकच, रोगही एकच, आणि त्याचे बीजाणू ओल्या वाऱ्यावर बरंच अंतर कापतात. २००९-१० च्या सुमारास कर्नाटकात आणि आसपास टोमॅटोवर या करप्याची जबर साथ आली. शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला तेव्हा त्यामागं '१३-ए२' नावाचा, आधी युरोपात माजलेला वाण निघाला. नेहमीच्या मेटॅलॅक्झिल या औषधाला तो दाद देत नव्हता. म्हणजे बेळगावजवळच्या कडोली-काकतीच्या बाजूला जोराचा करपा आला की दुकानातली महागडी पुडी का चालली नाही, याचं उत्तर दुकानदाराच्या लबाडीत असेलच असं नाही.

या रोगात फवारणी आधी करायची असते. डाग दिसल्यावर केलेली फवारणी वरातीमागून आलेल्या घोड्यासारखी. आणि आधी करायची तर घरच्यासाठी बोर्डो मिश्रणासारखं जुनं, स्वस्त आणि परखलेलं दुसरं काही नाही. १८८५ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी द्राक्षांसाठी ते सुचवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर ते चालवून दाखवलं, आणि शिर्सीकडचे बागायतदार आजही भर पावसात पोफळीवर चढून तेच मारतात. आपल्याला लागतं लिटरभर: दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, मग एकत्र ओतून ढवळायचं आणि गाळायचं. लोखंडी खिळा घासून मिनिटभर बुडवावा. तो तांबूस झाला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी चुना घालायचा, नाहीतर पानं भाजतात. त्याच दिवशी संपवायचं. कोवळ्या रोपांना निम्म्या तीव्रतेचं. पावसात उघडीप बघून मारायचं, आणि फळं धुऊन घ्यायची हे सांगायला नको.

पण तरीही माझं ठाम मत असं की बेळगाव-खानापूरच्या परड्यात पावसाळ्यात उघड्यावर टोमॅटो लावूच नये. छपराच्या पागोळीआड, भिंतीच्या कडेला कुंडीत, वर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ताणून, पान कोरडं राहील असं लावलं तर गोष्ट वेगळी. करप्याला पानावर पाणी लागतं. ते मिळालं नाही तर बीजाणू आला तरी उपाशी मरतो.

झाड सुकलं, म्हणजे मर, हे तिसरं मोठं दुखणं. यात निदानाला घरातला काचेचा पेला पुरतो, आणि ही चाचणी शाळेतल्या पोरांनीही करून बघावी इतकी सोपी आहे. सुकलेल्या झाडाच्या बुडखाजवळचा तीन-चार इंचांचा तुकडा कापून स्वच्छ पाण्यात टांगता ठेवायचा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखी पांढरी दोरी पाण्यात उतरली, तर ती राल्स्टोनिया जिवाणूची मर. झाड कालपर्यंत हिरवंगार होतं आणि दुपारी एकाएकी मान टाकली, ही तिची खूण. खानापूरच्या लाल, आंबट जमिनीत आणि खाली गोव्या-कोकणात ती फार. दोरी उतरली नाही, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, आणि पानं खालून, अनेकदा एकाच बाजूने पिवळी पडत गेली असतील, तर ती फ्युझॅरियम बुरशीची. दोन्ही नाहीत आणि मुळांवर मण्यांसारख्या गाठी आहेत, तर सूत्रकृमी. आणि मुळं काळी, कुजकट वासाची, कुंडीच्या भोकात चिखल बसलेला, तर दोष रोगाचा नाही, पाणी घालणाऱ्या मायेचा.

जिवाणूच्या मरीवर प्रतिजैविकाची पुडी आणून ओतणारे लोक आहेत. ते करू नये. जमिनीतल्या राल्स्टोनियाला ती पोचत नाही, आणि माणसाच्या कामाची औषधं मातीत ओतून आपण भलतेच जिवाणू पोसतो. झाड मातीच्या गोळ्यासकट काढावं, त्या जागी दोन-तीन वर्षं भावकीतलं काहीही लावू नये, चुना टाकून जमिनीचा आंबटपणा उतरवावा. दुसरी खरी वाट कलमाची. वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने रुळवलं आणि आता आपल्या देशातल्या रोपवाटिकाही करतात. थोरल्या भावाच्या पायावर धाकटा उभा, असं हे कलम. भावकीचा एवढा एक फायदा मला सापडला आहे. बुरशीच्या मरीसाठी आणि रोपं कोलमडण्यासाठी शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा उपयोगी पडतो, पण आधी मिसळला तर. सूत्रकृमीला निंबोळी पेंड आणि झेंडू.

बाकीची बारीकसारीक दुखणी भराभर. थंडीत पानावर पिवळे ठिपके आणि खाली पांढरी भुकटी दिसली तर भुरी, पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, ऊन तापल्यावर नाही. पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा म्हणजे नागअळी. पण पानात मोठे पापुद्रे आणि फळात टाचणीएवढी भोकं असतील तर ती २०१४ मध्ये भारतात नोंदली गेलेली, दक्षिण अमेरिकेतून आलेली ट्युटा अळी असू शकते. अशी पानं आणि फळं खतात न टाकता पिशवीत बांधून उन्हात ठेवावीत. फळाचं बूड काळं, चामड्यासारखं झालं तर तो रोग नाहीच. एक दिवस बदाबदा पाणी आणि चार दिवस कोरडं, यामुळं फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफलं पुरून ते लगेच सुटत नाही, कारण टरफल विरघळायलाच कित्येक महिने जातात. पाणी रोज, बेताचं आणि एकाच वेळी द्यावं, पुढची फळं नीट येतात.

टरफलांवरून घरगुती उपायांकडं यायला हवं. यात सगळं टाकाऊ नाही आणि सगळं पवित्रही नाही. पातळ केलेलं दूध भुरीवर चालतं हे ब्राझीलच्या बेत्तियोल यांनी १९९९ मध्ये भोपळावर्गीय पिकावर दाखवलं. आंबट ताक त्याच घरातलं, करून बघायला हरकत नाही. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळलेली, पांढरी माशी आणि मावा आटोक्यात ठेवते. ती मारते कमी आणि किड्याची भूक व वाढ बिघडवते जास्त, म्हणून आठवड्याला पुन्हा करावी लागते. राख, हळद, हिंग यांनी करपा थांबलेला मी पाहिलेला नाही. जीवामृत मातीला चांगलं असेल, पण पेटलेल्या करप्यावर ते टाकणं म्हणजे वणव्यावर तीर्थ शिंपडणं.

बाटल्यांविषयी एवढंच. डब्यावर चौकटीत रंगाचा त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. घरच्या भाजीवर लाल आणि पिवळ्याला उंबरा ओलांडू देऊ नये. मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर वापरायला कायद्यानेच मनाई आहे, तरी रानात उरलेली अर्धी बाटली परड्यात येतेच. मॅन्कोझेबसारखं साधं बुरशीनाशक वापरलंच तर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते डब्यावर लिहिलेलं असतं. परड्यातलं पोर फळ तोडून तिथंच खातं हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

विचारायचं कुणाला, हा सीमाभागातला वेगळाच प्रश्न. बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोपला आणि गोकाककडच्या तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, होबळीला रयत संपर्क केंद्र आहे, अरभावीला बागायतीचं महाविद्यालय आहे. पण पत्रकं कन्नडमध्ये, आणि परड्यात राबणाऱ्या आज्जीची मराठी. तिला अंगमारी म्हणजे करपा, सोरगु म्हणजे मर, बूदी म्हणजे भुरी एवढे तीन शब्द शिकवले तरी अर्धं पत्रक उलगडतं. निपाणीकराला कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय जवळ पडतं. निपाणीचं देवचंद कॉलेजच जिथं हद्दीपलीकडं कागल तालुक्यात उभं आहे, तिथं टोमॅटोचं पान घेऊन कोल्हापूर गाठायला कुणाची हरकत? किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबरही आहे.

हल्ली पोरं फोनवर फोटो काढून रोगाचं नाव काढतात. २०१६ मध्ये संशोधकांनी पानांच्या ५४ हजारांवर फोटोंवर संगणकाला शिकवलं, तेव्हा त्याच प्रकारच्या फोटोंवर त्याने ९९ टक्क्यांवर अचूक उत्तरं दिली. तोच बाहेरून घेतलेले वेगळे फोटो दाखवल्यावर ३१ टक्क्यांवर घसरला. त्यानंतर ही यंत्रं सुधारली, मराठी-कन्नडही बोलायला लागली. तरी फोटोत पानाची खालची बाजू नसते, पेल्यातली पांढरी दोरी नसते, आणि कुंपणापलीकडचा ऊस तर नसतोच. फोनचं उत्तर शेजारणीच्या सल्ल्यासारखं घ्यावं, ऐकून घ्यावं आणि मग स्वतः बघावं.

जातींचं म्हणाल तर बेंगळुरूच्या त्याच बागवानी संस्थेची अर्का रक्षक ही संकरित जात बोकड्या, जिवाणूची मर आणि लवकरचा करपा या तिन्हींना तोंड देते. अर्का अभेद त्यात उशिराच्या करप्याचीही भर घालते. संकरित असल्यामुळं त्यांचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड मिळत नाही, एवढी अडचण. राहुरीच्या विद्यापीठाची फुले राजाही बोकड्याला बऱ्यापैकी सोसते. कुठलीच जात सगळ्यांना पुरून उरत नाही, म्हणून जातीइतकंच वेळेचं गणित महत्त्वाचं.

ते गणित या भागात साधं आहे. गणपतीच्या दिवसांत जाळीखाली बी टाकायचं. नवरात्रात घट बसतात तेव्हा रोप लावायला येतं. तोवर झिमझिम सरत आलेली असते, करप्याचा जोर ओसरलेला असतो, आणि पांढरी माशी अजून रंगात आलेली नसते. पहिलं लाल फळ डिसेंबरात, संक्रांतीला भरपूर. शिमग्याच्या सुमारास माशी उठते आणि शेंडे मुरडायला लागतात, तेव्हा झाड तसंही दमलेलं असतं. उरलेली हिरवी फळं चटणीला काढून घ्यायची, झाड मुळासकट उपटायचं, मुळांवर गाठी आहेत का तेवढं बघायचं, आणि त्या वाफ्यात पुढच्या खेपेला गवार नाहीतर मेथी टाकायची.